बोटॉक्ससाठी सिरिंज कोणती घ्यावी: लाल टोपी, केशरी टोपी की ट्युबरक्युलिन?

नवं स्किन क्लिनिक थाटताना लेझर कोणता, खुर्ची कोणती यावर खल होतो. सिरिंज मात्र शेजारच्या केमिस्टकडे जी असेल ती येते. बोट्युलिनम टॉक्सिन (बोटॉक्स हा त्याचाच एक ब्रँड) देणार असाल तर असं करू नका. इथे एका टोचणीत जेमतेम दोन-तीन थेंब जातात आणि ते किती गेले हे सांगायला नळीवरच्या रेषांशिवाय दुसरं काही नसतं. हा आढावा अशी खरेदी ठरवणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे.

आधी हिशेब मांडू. बोटॉक्सच्या लेबलप्रमाणे १०० युनिटची व्हायल २.५ एमएल सलाईनमध्ये विरघळवायची. मग ०.१ एमएलमध्ये ४ युनिट येतात. भुवयांमधल्या आठ्यांसाठी पाच जागी ४-४, म्हणजे एकूण २० युनिट, अर्धा एमएल. बरेच डॉक्टर यापेक्षा घट्ट द्रावण करतात, कुणी १ एमएलमध्ये, कुणी २ एमएलमध्ये. कोणती सिरिंज बरी, याचं उत्तर या आकड्यावर ठरतं. लाल (यू-४०) आणि केशरी (यू-१००) टोपीच्या सिरिंज मुळात इन्सुलिनच्या, अनुक्रमे ४० आणि १०० युनिट प्रति एमएल ताकदीसाठी. त्यांच्यावर 'युनिट' छापलेलं असलं तरी ते इन्सुलिनचं युनिट. नळी मोजते फक्त द्रवाचं आकारमान.

लेबलचं २.५ एमएलचं द्रावण धरून चार सिरिंजची तुलना:

| सिरिंज | एक रेषा | ४ युनिट |
|---|---|---|
| यू-४०, लाल टोपी, १ एमएल | ०.०२५ एमएल = १ युनिट | ४ रेषा |
| यू-१००, केशरी टोपी, १ एमएल | ०.०२ एमएल = ०.८ युनिट | ५ रेषा, आकडा १० |
| यू-१००, ०.३ एमएल, अर्ध्या युनिटच्या रेषा | ०.००५ एमएल = ०.२ युनिट | २० रेषा, आकडा १० |
| ट्युबरक्युलिन, १ एमएल | ०.०१ एमएल = ०.४ युनिट | १० रेषा, आकडा ०.१ |

(१ एमएलच्या केशरी सिरिंजवर सहसा दर दोन युनिटला एक रेषा असते. काही ब्रँड प्रत्येक युनिटला देतात. खोका फोडून बघा.)

लाल टोपीची जमेची बाजू तक्त्यातच दिसते. आपल्याकडे व्हायलमधलं इन्सुलिन अजूनही मुख्यतः ४० युनिट प्रति एमएल या ताकदीचं मिळतं, म्हणून ही सिरिंज गावोगावच्या मेडिकलमध्ये असते आणि स्वस्त असते. २.५ एमएलचं बोटॉक्सही नेमकं ४० युनिट प्रति एमएलच होतं. त्यामुळे एक रेषा म्हणजे एक युनिट, डोक्यात कसलाच गुणाकार नको. भुवयांमधले २० आणि कपाळाचे २० मिळून भरलेली एक सिरिंज बरोबर संपते. सुई नळीतच बसवलेली असल्याने शेवटी आत जवळजवळ काही उरत नाही. लेबलच्या द्रावणावर काम करणाऱ्या, नुकतीच सुरुवात केलेल्या डॉक्टरला मी हीच सुचवेन.

केशरी टोपीचं गणित १ एमएलच्या द्रावणात असंच सोपं होतं: आकडा ४ म्हणजे ४ युनिट. धोका आहे तो दोन्ही टोप्या एकाच ट्रॉलीत ठेवण्यात. समजा, तुमच्याकडे १ एमएलचं द्रावण आणि केशरी सिरिंज असा रिवाज आहे. एक दिवस केशरी संपल्या, सिस्टरनी लाल आणली आणि सवयीने '४'पर्यंत भरली. लाल नळीत ४ म्हणजे ०.१ एमएल, आणि या द्रावणात ०.१ एमएल म्हणजे १० युनिट. अडीचपट डोस, तोही भुवईजवळ, जिथे औषध खाली उतरलं तर पापणी पडते आणि पुढचे कित्येक आठवडे पेशंट तुमच्याकडे एका डोळ्याने बघतो. उलट चूक झाली, २.५ एमएलच्या द्रावणाला केशरी सिरिंज आली, तर '४'वर फक्त १.६ युनिट जातात. मग पेशंट पंधरा दिवसांनी 'काहीच फरक नाही' म्हणत परत येतो आणि दोष औषधाला दिला जातो. इन्सुलिनमध्ये याच अडीचपटीच्या घोटाळ्याने माणसं दवाखान्यात दाखल होतात. टोप्यांचे रंग त्यासाठीच वेगळे ठेवले आहेत, पण टोपी काढून ट्रेमध्ये ठेवली की रंगही गेला. म्हणून एकच रंग ठरवा आणि दुसरा त्या खोलीत येऊच देऊ नका.

०.३ एमएलची केशरी सिरिंज वेगळ्या कामाची. नळी अरुंद, त्यामुळे रेषांमधलं अंतर मोठं आणि दट्ट्या थोडा जास्त सरकला तरी आकारमानात फरक कमी. वरच्या ओठाच्या कडेला किंवा नाकाच्या बाजूला एक-दोन युनिट द्यायची असतात, तिथे हिच्याइतकी भरवशाची दुसरी नाही. २.५ एमएलच्या द्रावणात ती पूर्ण भरली की १२ युनिट होतात, म्हणजे लेबलप्रमाणे डोळ्याच्या एका कडेच्या सुरकुत्यांचा नेमका डोस. एका बाजूला एक सिरिंज, हिशेब संपला. कपाळ आणि भुवया एकत्र करायच्या असतील तर मात्र चार वेळा भरावी लागते. तिथे तिचा हट्ट धरू नये.

ट्युबरक्युलिनवर युनिट नसतात, फक्त एमएल. लेबलवरही ०.१ एमएलच लिहिलेलं असतं, त्यामुळे मधे भाषांतर नाही आणि दोन ताकदींचा गोंधळही नाही. सुई बदलता येते: जाड सुईने व्हायलमधून ओढायचं आणि ३० किंवा ३२ गेजच्या नव्या सुईने टोचायचं. इन्सुलिन सिरिंजची बारीक सुई रबरी बुचातून गेली की बोथट होते आणि ती बदलताही येत नाही. पेशंटला ती जाणवते, म्हणून काही जण व्हायलचं झाकण उघडूनच औषध घेतात. पण ट्युबरक्युलिनच्या टोकात औषध अडकून राहतं. आयएसओ ७८८६-१ या मानकात एवढ्या लहान सिरिंजला ०.०७ एमएलपर्यंत डेड स्पेसची (दट्ट्या पूर्ण दाबल्यावरही आत उरणाऱ्या जागेची) मुभा आहे. लेबलच्या द्रावणात हे २.८ युनिट झाले, १ एमएलच्या द्रावणात ७. सुईच्या हबमध्ये (प्लास्टिकच्या बुडात) अडकतं ते आणखी वेगळं. घ्यायचीच असेल तर लो डेड स्पेसची मागा. कोविडच्या लसीकरणात फायझरच्या व्हायलमधून सहावा डोस निघाला तो अशाच सिरिंजमुळे.

आता अचूकतेचं बघू, कारण निर्णय खरा इथे फिरतो. त्याच मानकात निम्म्यापेक्षा कमी भरलेल्या लहान सिरिंजला नळीच्या क्षमतेच्या १.५ टक्के अधिक बाहेर काढलेल्या द्रवाच्या २ टक्के इतकी चूक चालते. १ एमएलच्या नळीतून ०.१ एमएल काढताना ही मुभा ०.०१७ एमएल होते, म्हणजे ४ युनिटमागे साधारण ०.७ युनिट. तेच ४ युनिट १ एमएलच्या द्रावणातून दिले तर आकारमान उरतं ०.०४ एमएल आणि मुभा जवळपास ०.०१६ एमएल, म्हणजे तब्बल १.६ युनिट! ही कमाल मर्यादा आहे, प्रत्येक सिरिंज एवढी चुकेल असं नाही. तरीही मोठ्या नळीत घट्ट द्रावण भरून बारीक डोस मोजणं हा सगळ्यांत कच्चा पर्याय आहे. घट्ट द्रावण कमी पसरतं, म्हणून ते हवं असेल तर नळी लहान घ्या. मोठी नळी वापरायची असेल तर द्रावण पातळ ठेवा.

वाचतानाही चूक होते. १ एमएलच्या नळीची पट्टी साधारण ५७ मिलिमीटर लांब असते, म्हणजे ०.०१ एमएलला अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त जागा. सिरिंज डोळ्यासमोर आडवी न धरता वरून बघितली तर एवढा फरक सहज पडतो. वाचायचं ते रबरी दट्ट्याच्या औषधाकडच्या काठावरून, तोही नळीला टेकलेल्या कडेवरून. काही दट्ट्यांना पुढे उंचवटा असतो, त्याच्या टोकावरून वाचलं की आकडा चुकतो. बुडबुडा दिसला तर आधी तो काढा, मग रेषा बघा. स्पिरिटचा बोळा लागल्यावर शाई पुसट होणारा ब्रँड पुन्हा मागवू नका.

डिस्पोर्ट (याच टॉक्सिनचा दुसरा ब्रँड) वापरत असाल तर वरचा तक्ता बाजूला ठेवा. त्याची युनिटं बोटॉक्सच्या युनिटांशी बदलता येत नाहीत. ३०० युनिटच्या व्हायलला लेबल दोन द्रावणं देतं: २.५ एमएलमध्ये १० युनिट म्हणजे ०.०८ एमएल, १.५ एमएलमध्ये १० युनिट म्हणजे ०.०५ एमएल. पहिलं लाल नळीवर रेषांच्या मधे कुठेतरी पडतं. दुसरं लाल नळीच्या बरोबर दुसऱ्या रेषेवर येतं, ट्युबरक्युलिनच्या पाचव्या रेषेवर येतं, पण दोन-दोन युनिटच्या केशरी नळीवर ४ आणि ६ यांच्या मधे अधांतरी राहतं. त्यामुळे १.५ एमएलचं द्रावण आणि लाल सिरिंज ही जोडी ठीक. दोन्ही औषधं ठेवणार असाल तर मात्र मी ट्युबरक्युलिनकडे झुकेन, कारण तिथे कुणीच 'युनिट'वर विसंबत नाही.

फिलरला (त्वचेखाली भरायच्या जेलला) हा प्रश्नच नाही. ती सिरिंज कंपनीकडून भरून येते आणि तिच्यावरच्या ठळक खुणा किती वापरलं, किती उरलं एवढंच सांगायला असतात. तिथे हात चेहरा बघून थांबतो.

कोणतीही जोडी निवडा, व्हायलवर द्रावण, तारीख आणि वेळ लिहिलेलं लेबल चिकटवा, आणि त्याच लेबलवर 'एक रेषा = इतके युनिट' ही ओळही घाला. नवीन खोका आला की त्यातली एक सिरिंज जुनीच्या शेजारी धरून रेषा मोजा. पुरवठादाराने ब्रँड बदलला तर तो इथेच कळतो.