900 की 1800 चौरस फूट? खान्देशात घर बांधण्यापूर्वी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात 30 बाय 50 फुटांचा, म्हणजे दीड गुंठ्याला थोडा कमी असा प्लॉट हाती असलेल्या कुटुंबापुढे बहुतेक वेळा दोन नकाशे येतात. पहिला तळमजल्यावर 900 चौरस फुटांच्या आसपासच्या घराचा असतो आणि दुसरा त्यावर तेवढाच मजला चढवून 1800 चौरस फुटांपर्यंत नेलेल्या घराचा. आजी-आजोबा, नवरा-बायको आणि दोन मुले अशा सहा माणसांचे कुटुंब गृहीत धरून ही तुलना केली आहे.

900 चौरस फुटांत नेमके काय बसते, हे आधी पाहावे. 11 बाय 15 ची बैठकीची खोली, 10 बाय 12 चे स्वयंपाकघर, 10 बाय 12 आणि 11 बाय 12 च्या झोपण्याच्या दोन खोल्या, 4 बाय 7 च्या दोन न्हाण्या आणि 5 बाय 7 ची कोठी मिळून 628 चौरस फूट होतात. उरलेली जागा बाहेरच्या 9 इंची व आतल्या साडेचार इंची भिंती, येण्याजाण्याची वाट आणि पुढचा ओटा यांत जाते. नकाशावरचे बांधकाम क्षेत्र आणि प्रत्यक्ष वापराची जागा यांतील हा फरक पुष्कळांच्या लक्षात भिंती उभ्या राहिल्यावर येतो, म्हणून इंजिनिअरकडून प्रत्येक खोलीचे आतले माप लिहून घ्यावे. या घराची खरी उणीव एकच आहे: मुले मोठी होऊ लागली की अभ्यासाला आणि झोपायला त्यांना स्वतंत्र खोली लागते आणि ती इथे नाही.

1800 चौरस फुटांच्या घरात ही अडचण राहत नाही. वर आणखी दोन-तीन खोल्या मिळतात, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी आल्या किंवा श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवासाठी भाऊबंद जमले, तरी कोणाला शेजारी झोपायला पाठवावे लागत नाही. मोठ्या घराच्या बाजूने सर्वांत जास्त बोलला जाणारा मुद्दा हाच असतो आणि त्यामागची माया खरी आहे. तरीही वर्षातल्या मोजक्या दिवसांसाठी वर्षभराचा हप्ता वाढवावा का, याचा विचार आकडे मांडूनच व्हायला हवा. उदाहरणादाखल बांधकामाचा दर चौरस फुटाला 1800 रुपये धरला, तर पहिले घर 16 लाख 20 हजारांत आणि दुसरे 32 लाख 40 हजारांत होते. वरच्या फरकापैकी 15 लाखांचे कर्ज 8.5 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे 13 हजार रुपये पडतो आणि एकूण फेड 31 लाखांच्या पुढे जाते. नोकरदाराला हा हप्ता कदाचित झेपेल. ज्याचे उत्पन्न कापसाच्या किंवा केळीच्या भावावर हलते, त्याने मात्र पडत्या भावाचे वर्ष डोळ्यांसमोर ठेवूनच आकडा ठरवावा.

पैशाइतकाच निर्णायक मुद्दा उन्हाचा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या वर जातो आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो. जुन्या धाब्याच्या घरांवर मातीचा जाड थर असल्याने आत गारवा राही. पाच इंचांच्या उघड्या स्लॅबकडून ती अपेक्षा करता येत नाही. त्यामुळे ज्या आखाजीच्या पाहुण्यांसाठी वरच्या खोल्या बांधायच्या, त्याच आखाजीच्या दिवसांत त्या खोल्यांत दुपारी बसवत नाही. अर्थात, वरचा मजला स्वतः तापून खालच्या खोल्यांना सावली देतो, हा दुमजली घराचा मोठा फायदा मान्य केला पाहिजे. एकमजली घरात तेच काम गच्चीवर पांढऱ्या चिनी मोझेकने किंवा पत्र्याच्या शेडने करून घ्यावे लागते, पण त्याचा खर्च मजल्याच्या मानाने फारच कमी असतो. शेडखाली रात्री अंथरुणे टाकता येतात, आणि कुरडया-पापड वाळवण्यासाठी गच्चीचा काही भाग उघडा ठेवता येतो.

काळ्या मातीचा हिशेब मात्र उलटा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. तापीकाठच्या खोल गाळाच्या जमिनीत तो लवकर लागतही नाही, आणि अशा ठिकाणी अंडर-रीम्ड पाइलसारखा (जमिनीत खोल नेलेला, तळाशी फुगीर केलेला काँक्रीटचा खांब) उपाय इंजिनिअरला विचारावा. पायाचा खर्च घर जमिनीवर किती पसरले आहे यावर बराचसा अवलंबून असतो, म्हणून 1400 चौरस फूट एकाच मजल्यावर पसरवण्यापेक्षा 700 वर 700 चढवणे अशा जमिनीत पुष्कळदा परवडते. पण मग घरातल्या वयस्करांसाठी एक खोली आणि संडास-न्हाणी तळमजल्यावर असलीच पाहिजे. त्यात तडजोड करू नये.

पाण्याची टाकी घराच्या चौरस फुटांवरून ठरवू नये, माणसांवरून ठरवावी. माणशी 135 लिटर धरले तर सहा जणांना रोज 810 लिटर लागतात आणि नळ आठव्या दिवशी येत असेल तर सुमारे 6500 लिटर साठवावे लागतात. 8 बाय 5 बाय 6 फुटांच्या जमिनीखालच्या टाकीत एवढे पाणी मावते. उन्हाळ्यात कूलर पाणी ओढतात, ते वेगळे धरावे.

खेड्यातील घराची गोष्ट थोडी वेगळी आहे. भाव चढेल या आशेने वेचणीचा कापूस घरातच रचला जातो आणि बैठकीची खोली छतापर्यंत भरते. मग माणसे ओट्यावर, अंगाला खाज आणि मनात ठिणगीची धास्ती. अशा घराला वरच्या मजल्याचा उपयोग नाही, कारण गाठोडी जिन्याने कोण चढवणार? त्याला अंगणातून दार असलेली, चुलीपासून दूरची वेगळी खोली हवी. याउलट जळगाव किंवा धुळे शहरात वरचा मजला भाड्याने जाऊ शकतो आणि हप्त्याचा काही भार उचलतो. मुले पुढे पुण्याला किंवा सुरतेला गेली, तरी तो मजला ओस पडत नाही.

हे सर्व जमेस धरता, भाड्याची खात्री नसेल तर पूर्ण 1800 चौरस फूट एकदम बांधू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पाया आणि कॉलम दोन मजल्यांच्या हिशेबाने घालावेत, तळमजला 900 चा करावा, आणि मुले दहा-बारा वर्षांची होतील तेव्हा वर 300 चौरस फुटांत एक खोली, न्हाणी आणि तिच्यापुढे पत्र्याची सावली करावी. कॉलमच्या सळया तोवर उघड्या गंजू देऊ नयेत. त्यांवर सिमेंटचा गिलावा करून ठेवावा. जिना पहिल्या दिवसापासून बाहेरून, ओट्यावरूनच चढवावा, म्हणजे पुढे वर भाडेकरू ठेवायचा झाला तर खालच्या घरातून कोणाची ये-जा होणार नाही.