भपक्याच्या इंग्रजी शब्दांसाठी समानार्थी कोश: काही महिन्यांच्या वापरानंतर

साताऱ्यात इंग्रजी मजकुराचं काम भरपूर असतं: कासच्या वाटेवरच्या होम-स्टेची माहितीपत्रकं, कंदी पेढ्यांच्या खोक्यांवरच्या ओळी, लग्नपत्रिका, शिफारसपत्रं. या कामासाठी मेरिअम-वेबस्टरचा समानार्थी शब्दांचा कोश काही महिने सतत वापरात आहे. पहिली आवृत्ती १९४२ची. हा थिसॉरस नाही. थिसॉरस जवळपासचे शब्द ओळीने मांडतो आणि निवड आपल्यावर सोडतो. हा कोश जवळचे चार-पाच शब्द एका लेखात घेतो आणि कोणता कशासाठी हे उदाहरणं देऊन सांगतो. शब्दाआधी तारा दिसला की त्याचा लेख त्याच शब्दाखाली शोधायचा, एवढी खूण कळली की कोश हाताळता येतो.

त्याचा खरा कस लागतो तो भपका दाखवणाऱ्या शब्दांवर. इंग्रजी-मराठी कोशांत ऑस्टेंटेशस, शोई, फ्लॅशी, गॉडी या सगळ्यांपुढे बहुतेक वेळा ‘भपकेबाज’ किंवा ‘दिखाऊ’ असंच सापडतं. त्यामुळे हे शब्द कमी-जास्त झगमगाटाच्या पायऱ्या आहेत असं वाटतं आणि लिहिणारा त्यातला सर्वांत लांबलचक शब्द उचलतो. या कोशात ते तीन वेगळ्या लेखांत विभागलेत. शोई, प्रिटेन्शस आणि ऑस्टेंटेशस एका लेखात. गॉडी, टॉड्री, गेरिश, फ्लॅशी आणि मेरिट्रिशस दुसऱ्यात. फ्लॅम्बॉयंट मात्र ऑर्नेट, रोकोको, बरोक आणि फ्लोरिड यांच्या पंगतीत, म्हणजे सजावटीच्या शब्दांत. या वाटणीवरूनच कळतं की दोष प्रत्येक शब्दात वेगळ्या जागी आहे: कुठे हेतूत, कुठे दाव्यात, कुठे रंगात, कुठे मालात. काही शब्दांत तो नाहीच.

ऑस्टेंटेशसमध्ये दोष हेतूचा. लोकांनी बघावं म्हणूनच केलेलं. श्रीमंतीचा बडेजाव हा त्याचा नेहमीचा वापर, पण पैसा असायलाच हवा असं नाही. सभेत वक्ता बोलत असताना कुणी सगळ्यांना दिसेल असं मनगट वर करून घड्याळ बघितलं, तर तेही ऑस्टेंटेशसच. वस्तू उत्तम आणि अस्सल असली तरी हा शब्द लागू पडतो.

प्रिटेन्शसमध्ये दोष दाव्याचा: नसलेल्या मोठेपणाचा आव. इथे चमक लागतच नाही. चार टेबलांच्या साध्या खानावळीचं मेन्यूकार्ड फ्रेंच नावांनी भरलं तर ते प्रिटेन्शस, मग भिंती पांढऱ्याशुभ्र असोत. भाषणं, लेख, नाटकं यांच्याबद्दल हा शब्द सारखा भेटतो. कपड्यांच्या रंगाला तो चिकटवू नये.

शोईला सरसकट वाईट मानणं ही चूक मात्र वारंवार दिसते. कपडे, गाडी, वागणं यांच्यासाठी तो बहुधा नापसंतीचा असतो. वनस्पतिशास्त्रात तसं नाही. मोठ्या, रंगीत, कीटकांना लांबून दिसणाऱ्या पाकळ्यांचं ते सरळ वर्णन आहे. कासच्या तेरड्याच्या फुलांना कुणी शोई म्हटलं तर त्यात कमीपणा नाही. तिथे गॉडी लिहिलं तर निसर्गालाच अभिरुचीचा दोष लावल्यासारखं होईल.

गॉडी आणि गेरिश यांतली रेघ बारीक आहे. गॉडीत न जुळणारे रंग आणि नको तेवढी नक्षी, म्हणजे आवडीनिवडीचा कच्चेपणा. गेरिशमध्ये डोळ्यांना त्रास: बटबटीत, अंगावर येणारा उजेड किंवा रंग. चौकातल्या फ्लेक्सवर गुलाबी पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं आणि वर सोडलेला एलईडीचा झोत, हे गेरिश. नुसता शर्ट भडक असेल तर बोलीत ‘लाउड’ पुरतो.

टॉड्रीला स्वस्त आणि हिणकस मालाचा वास आहे. सेंट ऑड्री, म्हणजे इलीची संत एथेलड्रेडा, हिच्या नावाच्या जत्रेत विकल्या जाणाऱ्या गळ्यातल्या रेशमी फितींपासून हा शब्द आला, असं त्याचं मूळ सांगतात. आज तो हलक्या दर्जाच्या लफड्यांनाही लावतात. सोनं अस्सल असेल, तर दागिना कितीही मोठा असला तरी टॉड्री म्हणता येत नाही. ऑस्टेंटेशस म्हणता येईल.

सर्वांत धोक्याचा शब्द मेरिट्रिशस. ऐकायला ‘मेरिट’सारखा, म्हणून गुणवंत विद्यार्थ्याच्या शिफारसपत्रात घुसतो. अर्थ: वरवर मोहक, आत खोटं. लॅटिनमध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रीला मेरेट्रिक्स म्हणत. दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘कमावणे’ हाच धातू असला, तरी अर्थ पार उलट्या दिशांना गेले. गुणवंतासाठी हवा तो मेरिटोरियस.

फ्लॅम्बॉयंटचं मूळ फ्रेंच, ज्वाळेसारखा. गुलमोहरालाही इंग्रजीत हेच नाव आहे आणि साताऱ्यात १ मेला गुलमोहर दिन साजरा होतो, म्हणून हा शब्द इथे चटकन लक्षात राहतो. बेधडक फटके मारणाऱ्या फलंदाजासाठी ती चक्क दाद असते. मराठीत दिमाखदार जवळ जातो. मेणवलीच्या वाड्यासाठी मात्र ऑर्नेट घ्यावा, कारण तिथे बारीक सजावट सांगायची आहे, मिरवणं नाही.

पॉम्प आणि पॉम्पस ही जोडी वेगळीच जपावी लागते. शाही दसऱ्याच्या मिरवणुकीचा थाट सांगायला पॉम्प हे नाम योग्य आणि आदराचं. त्याचंच विशेषण म्हणून पॉम्पस लिहिलं की आयोजक फुशारकी मारणारे ठरतात. अशा वेळी ग्रँड किंवा सेरिमोनियल वापरावा.

कोशाच्या मर्यादा त्याच्या हेतूतूनच येतात. अर्थभेद हा त्याचा प्रांत, त्यामुळे उच्चारासाठी आणि आजचा वापर नापसंतीचा आहे का हे बघायला ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश उघडावाच लागतो. तिथे ऑस्टेंटेशसवर नापसंतीची खूण आहे, फ्लॅम्बॉयंटवर नाही. ग्लिट्झी, ब्लिंग यांसारख्या नव्या शब्दांसाठीही तोच बरा. त्यानंतर कोका, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या अमेरिकी इंग्रजी मजकुराचा ऑनलाइन शोधता येणारा संग्रह. त्यात एक अब्जाहून अधिक शब्दांचा मजकूर आहे, नोंदणी केली की फुकट चालतो, फक्त रोजच्या शोधांवर मर्यादा असते. विशेषणापुढे रोमन मोठ्या अक्षरांत ‘नाउन’ टाकून शोधलं की त्याच्यानंतर कोणती नामं येतात ते वापराच्या उतरत्या क्रमाने दिसतं. आपलं नाम त्या यादीच्या आसपासही नसेल तर विशेषण बदलावं.

क्रम मोडू नये: आधी समानार्थी कोशातला लेख, मग विद्यार्थी-कोशातली खूण, शेवटी संग्रह. थेट संग्रहापासून सुरुवात केली तर नामांची यादी मिळते, पण टॉड्रीच्या जागी गॉडी का चालला नाही हे कळत नाही, आणि पुढच्या पत्रिकेत तीच गफलत होते. स्पर्धा परीक्षेपुरते समानार्थी शब्द पाठ करायचे असतील त्यांनी या जाड कोशावर पैसे घालू नयेत. मेरिअम-वेबस्टरच्या संकेतस्थळावर शोई आणि गॉडी या नोंदींखाली हीच तुलना थोडक्यात दिली आहे. रोज इंग्रजीत लिहून देणाऱ्यांनी मात्र पूर्ण कोश घ्यावा, जुनी प्रत मिळाली तरी चालेल.