पायथनचे एसक्यूलाइट मॉड्यूल: जोडणीचा वर्ग विस्तारताना

रत्नागिरीतील एका आंबा व्यापाऱ्याच्या पेट्यांचा हिशेब संगणकावर आणताना मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेसोबतच येणारे एसक्यूलाइटचे (एकाच फाइलमध्ये माहिती साठवणाऱ्या डेटाबेसचे) मॉड्यूल वापरले. त्यातील कनेक्शन या, डेटाबेसशी जोडणी सांभाळणाऱ्या वर्गापासून (क्लासपासून) स्वतःचा वर्ग बनवून तो जोडणी उघडताना फॅक्टरी या पॅरामीटरमधून देता येतो, आणि ही सोय मला फार मोलाची वाटते. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची, म्हणजे एका तक्त्यातील नोंद ज्या दुसऱ्या तक्त्यातील नोंदीकडे बोट दाखवते ती खरोखर आहे का याची, तपासणी सहसा बंद असते व प्रत्येक जोडणीवर ती नव्याने चालू करावी लागते. ती आज्ञा मी नव्या वर्गाच्या आरंभीच घातल्यापासून बागायतदाराची नोंद नसलेली पेटी हिशेबात शिरूच शकत नाही. दुसऱ्या जोडणीने डेटाबेसची फाइल कुलूपबंद केलेली असल्यास थांबण्याची ५ सेकंदांची मूळ मुदतही तिथेच वाढवली. जोडणी पायथनच्या विथ विधानात वापरली, तर ते चुकीविना संपल्यावर डेटाबेसमधील व्यवहार (बदलांचा गट) पक्का होतो, जोडणी मात्र उघडीच राहते, ही उणीव नवख्याला चकवणारी आहे.