आठ मिलिमीटरच्या नळीपायी उतरवलेला पंप

आमचे घर इंदूरला रामबागेत आणि शेती सांवेर तहसिलीत आहे. त्यामुळे गव्हाच्या पेरणीचे दिवस आले की माझा निम्मा वेळ उज्जैन रस्त्यावर जातो. गेल्या कार्तिकात त्याच घाईत मी फसलो. रक्कम फार मोठी नव्हती, परंतु ज्या पद्धतीने फसलो ती पद्धत जुना छोटा ट्रॅक्टर बाळगणाऱ्या कोणाच्याही वाट्याला येऊ शकते, म्हणून हे सविस्तर लिहितो.

ट्रॅक्टर दोन सिलिंडरचा, पंधरा वर्षांचा. टाकीपासून फिल्टरपर्यंत आणि फिल्टरपासून फीड पंपापर्यंतच्या, म्हणजे डिझेल ओढून पुढे पाठवणाऱ्या छोट्या पंपापर्यंतच्या, रबरी नळ्यांना बारीक तडे गेले होते, क्लिपांपाशी डिझेल पाझरून त्यावर धुळीचा काळा लगदा साचत असे. ओळखीच्या मिस्त्रीने मला शहरातील सुट्या भागांच्या एका दुकानात नेले. तेथे छापील पाकिटातली, अंगावर कंपनीचे नाव असलेली नळी ‘ओरिजिनल’ म्हणून दाखवण्यात आली आणि क्लिपांसह १,४५० रुपये घेऊन हातात एक चिठ्ठी देण्यात आली, जिच्यावर ‘पाइप सेट’ एवढेच लिहिले होते. पक्के बिल मागितले तेव्हा जीएसटी वेगळा लागेल असे उत्तर मिळाले आणि मी, कबूल करायला हरकत नाही, ते पैसे वाचवले.

मिस्त्रीने नळ्या बसवल्या, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर, म्हणजे डिझेल पुढे ढकलणारा हातपंप, दाबत नळ्यांतली हवा काढली, बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागल्यावर स्क्रू कसला. त्याच्या हातच्या कामात खोट नव्हती. पाच दिवस ट्रॅक्टर उत्तम चालला. सहाव्या दिवशी कल्टिव्हेटर जमिनीत उतरवला की इंजिनाचा दम सुटू लागला. रिकामे इंजिन व्यवस्थित चाले, भार पडला की घुसमटून बंद पडे आणि दहा मिनिटे उभे ठेवले की पुन्हा सुरू होई. या शेवटच्या गोष्टीतच सगळे उत्तर होते, परंतु ते मला तेव्हा वाचता आले नाही.

मिस्त्रीने दोन मिनिटे आवाज ऐकला आणि म्हणाला, “साहब, पंप गया.” म्हणजे इंजिनात मोजून, दाबाने डिझेल सोडणारा मुख्य पंप. पेरणी तोंडावर आलेली, शेजारच्या शेतात गहू पडू लागलेला. मी होकार दिला. पंप उतरवून शहरात नेला, तीन दिवसांनी परत आला, ‘कॅलिब्रेशन व दुरुस्ती’, म्हणजे पंपातून सुटणाऱ्या डिझेलचे माप जुळवणे व दुरुस्ती, म्हणून ८,२०० रुपये झाले. ट्रॅक्टर एक दिवस बरा चालला, दुसऱ्या दिवशी पहिलेच रडगाणे सुरू झाले.

माझे एक काका पूर्वी डिझेल पंपांच्या कामात होते. त्यांना फोन केला तर पहिला प्रश्न आला, “अरे, पंप उतरवण्याआधी टाकीची नळी तरी बाजूला करून पाहिलीस का?” त्यांच्या सांगण्यावरून मी स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घेतले, तो टाकीच्या उंचीवर बांधला आणि चांगल्या नळीने थेट फीड पंपाला जोडून हवा काढली. त्याच इंजिनाने तोच कल्टिव्हेटर मुकाट्याने ओढला. दोष नळीत होता.

काढलेली नळी ब्लेडने उभी चिरली तेव्हा हातातच पुरावा आला. ८ मिलिमीटर व्यासाची वाट आतल्या बाजूने फुगून काडेपेटीच्या काडीएवढी उरली होती आणि रबर इतके मऊ व चिकट झाले होते की बोट फिरवताच काळे झाले. डिझेल सहन करणाऱ्या नळीचे आतले अस्तर नायट्राइलसारख्या कृत्रिम रबराचे असते. पाण्याच्या किंवा साध्या हवेच्या नळीचे रबर डिझेल शोषून फुगते. वाट अरुंद झाली की रिकाम्या इंजिनाला पुरेल इतके डिझेल येते, भाराला पुरेल इतके येत नाही. उभ्या ट्रॅक्टरात मात्र टाकी वर असल्याने फिल्टर हळूहळू पुन्हा भरतो. अंगावरचे कंपनीचे नाव डिझेलच्या फडक्याने एकदा पुसताच निघून गेले.

पंपाची कथा त्याहून वाईट निघाली. डिझेलचे प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूला तार ओवून शिशाचे सील लावलेले असते. आमच्या पंपावर ते जुनेच, तारेच्या पिळात वाळलेली माती असलेले, जसेच्या तसे होते. सील न तोडता ते प्रमाण बदलता येत नाही. टेस्ट बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या यंत्रावर, घेतलेल्या मापांचा कागद मागितला, तोही मिळाला नाही. तीन दिवस पंप बहुधा कपाटात बसला होता. परत आल्यावर एक दिवस ट्रॅक्टर चालला तो कशामुळे, तर मिस्त्रीने फिल्टर नवा घातला होता आणि मधल्या दिवसांत सुकलेली नळी थोडी आकसली होती, असे काकांचे मत पडले.

चिरलेली नळी घेऊन दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने डिझेलच खराब असल्याचे सांगितले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर त्याने नळ्यांचे १,४५० रुपये परत केले. पंपाच्या पैशांचा मात्र विषयच निघू शकला नाही, कारण ते मी मिस्त्रीच्या हातात रोख दिले होते आणि कागद एकही नव्हता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगाकडे जाण्यास दोन वर्षांची मुदत असते, पण दाखवायला काय नेणार?

नवी नळी पक्क्या बिलासह घेतली. ती बसवण्याआधी बोटभर तुकडा कापून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत डिझेलमध्ये ठेवला आणि शेजारी जुन्या नळीचा न वापरलेला शिल्लक तुकडाही सोडला. चौथ्या दिवशी जुना तुकडा फुगून बोटाने दाबला जात होता, नवा होता तसाच होता. पेरणी त्या वर्षी नऊ दिवस उशिरा झाली.