लॅन केबल टेस्टर: दोष खिडकीत सापडला

गिरगावातल्या आमच्या घरात दोन कॉम्प्युटर आहेत. मी डीटीपी करते. बाहेरच्या खोलीत राउटर आणि माझं पानं लावायचं मशीन, आतल्या खोलीतल्या मशीनवर सगळ्या फाइली. जुलै लागला की दिवाळी अंकांचं काम सुरू होतं, आणि यंदा नेमकं तेव्हाच आतलं मशीन नेटवर्कवरून गायब व्हायला लागलं. पावसाची मोठी सर आली की हमखास. एका अंकाची बारा पानं मी दोनदा लावली. रडायचीच बाकी होते.

इंटरनेट कंपनीकडे तीन तक्रारी केल्या. पहिल्या दोन्ही वेळा तर कोणी न येताच ‘निवारण झाले’ असा मेसेज आला. तिसऱ्यांदा आलेला मुलगा म्हणाला, लॅन कार्ड, म्हणजे मशीनमधलं नेटवर्कची वायर जोडायचं कार्ड, गेलंय. ९०० रुपये घालून ते बदललं. पुढच्या सरीला पुन्हा तेच.

मग मीच बसले. मोबाइलवर वायफाय व्यवस्थित चालू, म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठीक. आतल्या मशीनवरून राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ या त्याच्या नेटवर्कवरच्या पत्त्याला, पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ असा छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते पाहिलं. चार वेळा उत्तर, दोन वेळा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, परत उत्तर. एकदा तर मशीनचा पत्ताच १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला. राउटरकडून पत्ता मिळाला नाही की विंडोज स्वतःच असा पत्ता घेऊन बसतं. राउटर आणि मशीन यांच्यामध्ये आहे काय? वायर. तिच्याकडे तोवर कोणी बघितलंच नव्हतं.

लॅमिंग्टन रोडवर, मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेले आणि १८० रुपयांना नेटवर्कची वायर तपासायचा हा टेस्टर आणला. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी वेगळी घ्यावी लागते. दोन तुकडे असतात, मोठा आणि छोटा. वायरीचं एक टोक राउटरमधून काढून मोठ्यात, दुसरं मशीनमधून काढून छोट्यात. दोन्ही टोकं आधी काढायचीच, चालू पोर्टला, म्हणजे वायर खोचायच्या खाचेला, टेस्टर लावायचा नाही. बटण दाबलं की १ ते ८ दिवे एकामागून एक लागतात, आतल्या आठ तारांचा एकेक. खाली ‘जी’ लिहिलेला नववा दिवा आहे. तो लागेना म्हणून मी घाबरले होते. पण साध्या, शील्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) नसलेल्या वायरीत तो लागतच नाही.

छोटा तुकडा आत घेऊन हे बसले, मोठ्यापाशी मी. हे आतून ओरडून आकडे सांगत होते. “एक, दोन... तीन नाही लागला गं! चार...” मी खिडकीपाशी जाऊन वायर जराशी हलवली. “लागला, लागला! गेला परत.” तिथेच कळलं. वायर गॅलरीतून फिरवून अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या फटीतून आत घेतली होती, आणि प्रत्येक पावसात घाईने ओढलेली खिडकी तिच्यावर दाबली जात होती. साध्या १०० एमबीपीएसच्या जोडणीलाही १, २, ३ आणि ६ या चार तारा लागतातच. त्यातली तिसरी आत तुटत आली होती. तेवढा भाग कापून तार ब्लेडने खरवडली, तर वरचा तांब्याचा पातळ थर निघून आत पांढरं अॅल्युमिनियम. तांब्याची म्हणून घेतलेली वायर ही अशी. ती दाबाने, वाकवण्याने फार लवकर तुटते.

पुन्हा लॅमिंग्टन रोड. या वेळी खरवडून दाखवलेली, आतपर्यंत तांब्याची कॅट-सिक्स प्रकारची नेटवर्क वायर, १५ मीटर, दोन्ही टोकांना दुकानातच कनेक्टर क्रिंप करून, म्हणजे पकडीने दाबून बसवून, घेतले. ती खिडकीतून न आणता दाराच्या चौकटीवरून नेली. टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले तेव्हा किती बरं वाटलं म्हणून सांगू. ऑगस्टच्या पावसात एकदाही जोडणी तुटली नाही.

उणिवाही सांगते. प्लास्टिक हलकं आहे, बॅटरीचं झाकण दुसऱ्याच दिवशी सैल झालं. भर उजेडात दिवे दिसत नाहीत, हाताचा आडोसा करावा लागतो. तार कुठे तुटली ते हा सांगत नाही, कुठली तुटली एवढंच सांगतो. जागा आपणच वायर हलवून शोधायची. आठही दिवे लागले म्हणजे स्पीड पूर्ण मिळेलच असंही नाही, कारण हा तारा जोडलेल्या आहेत का तेवढंच तपासतो. आणि वायर भिंतीतून गेलेली असेल तर दुसऱ्या टोकाला माणूस हवा.

तरीही घरात लांब वायर फिरवलेली असेल तर हा घ्याच, आणि लॅन कार्ड बदलायच्या आधी घ्या. आमच्या मजल्यावरच्या काकूंकडे परवा हेच झालं. त्यांच्या टीव्हीमागच्या वायरीचा सहावा दिवा लागेना. टोक कापून नवा कनेक्टर बसवला, ३० रुपयांत काम झालं.