शॉकअपची की साध्या चिमट्याची? काळ्या मातीतली सायकल

पंधरा हजारांच्या आसपास बजेट, रोज गावातून अकोटला (जि. अकोला) जाणं-येणं, आणि सुटीच्या दिवशी पोपटखेडच्या अंगाला सातपुड्याच्या पायथ्याशी भटकणं. हे सगळं एकाच सायकलकडून करून घ्यायचं असेल तर दुकानात निवड दोघींतच उरते. एक, पुढे शॉकअप असलेली एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक. दुसरी, टायर आणि गिअर एमटीबीचेच, पण चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, साधा. फ्रेमचा साइज, सीटची उंची वगैरे तुम्ही बघालच, त्यात शिरत नाही. बिनगिअरची मी बाद धरली आहे. अकोटपर्यंतच्या सपाटीला ती पुरते, पण चैत्रातला समोरचा वारा आणि पोपटखेडपुढचा चढ तिच्यावर काढून बघा, मग बोलू.

माझी साध्या चिमट्याची आहे, पुतण्याची शॉकअपची. किंमत जवळपास सारखीच, दोन्हींना साडेसत्तावीस इंची चाकं, तारेवरचे डिस्क ब्रेक आणि शिमानो टूर्नीचे २१ गिअर. एकाच अंगणात उभ्या असतात, त्यामुळे हाताला येईल ती काढायची असं चालतं. म्हणजे पुढचं सगळं मोजमापाचं नाही, मांड्या आणि मनगटं काय सांगतात त्यावरचं आहे. तुमचं शरीर वेगळं सांगू शकेल.

आधी शॉकअपची बाजू, कारण ती खरी आहे. उन्हाळ्यात आपल्याकडच्या पांदणीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून दगड होतात आणि शेतातल्या भेगा टायर गिळतील एवढ्या रुंदावतात. तिथं शॉकअपवाली मनगटाला आराम देते, यात वाद नाही. मात्र या किमतीतला शॉकअप म्हणजे आत एक स्प्रिंग, आणि ती उसळी आवरायला फारसं काही नाही. खड्ड्यात दबतो आणि लगेच हँडल वर फेकतो. चढावर उभं राहून पॅडल मारलं की निम्मा जोर त्याला दाबण्यातच जातो असं वाटतं. शिवाय वजन वाढतं ते पुढच्याच बाजूला. माझ्या सायकलीत त्याऐवजी मी टायरची हवा कमी करतो. डांबरावर पन्नास पौंड, पांदणीत पस्तीसच्या आसपास. १.९५ इंची टायरला तेवढ्यानं बराच फरक पडतो. शॉकअपइतका नाही, पण बराच.

इथपर्यंत सामना बरोबरीत आहे असं मी म्हणेन. निकाल लागला तो पावसाळ्यात.

पूर्णेच्या खोऱ्यातली माती ज्यानं तुडवली आहे त्याला वेगळं सांगायला नको. बेसाल्ट झिजून झालेली ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हात आकसते. उन्हाळ्यात भेगा पाडणारी हीच, पावसाळ्यात बूट ओढून घेणारीही हीच. खारपाणपट्ट्यात चोपण, म्हणजे क्षारानं चिकट झालेली, जमीन असेल तर बघायलाच नको. अशा पांदणीत शॉकअपची सायकल घातली की काय होतं ते सांगतो. शॉकअपच्या दोन नळ्यांना जोडणारी एक कमान टायरच्या अगदी वरून जाते. टायर गारा, म्हणजे चिकट चिखल, उचलतो, त्यात गवत आणि पऱ्हाटीचे तुकडे गुंततात, आणि तो सगळा लगदा त्या कमानीखाली जाऊन बसतो. पहिल्यांदा घासल्याचा आवाज येतो. मग चाक जड होतं. मग फिरतच नाही. ढकलली तर चाक न फिरता नुसतं घसरत जातं आणि आणखी गारा गोळा करतं. तुराटीची काडी घेऊन खरवडा, चार पावलं चाला, पुन्हा खरवडा. शेवटी पंधरा-सोळा किलोची सायकल आणि तिच्यावरचा गारा खांद्यावर घेऊन बांधानं निघायचं. डब्याची पिशवी दुसऱ्या हातात.

आणि हे तिथंच संपत नाही. अकोटला पोचून सायकल उन्हात लावली की कमानीतला गारा संध्याकाळपर्यंत विटेसारखा होतो. तो काढायला पुतण्या स्क्रूड्रायव्हर घालतो, आणि चकचकीत नळीवर ओरखडा येतो. नळीच्या तोंडाशी जे रबर असतं त्यात बारीक कण शिरतात. दोन पावसाळ्यांनंतर त्याचा शॉकअप दबतो कमी आणि करकरतो जास्त. म्हणजे ज्या सुखासाठी जास्तीचं वजन घेतलं तेच गेलं, वजन तेवढं राहिलं.

साध्या चिमट्याला ती कमान नसते. माझ्या सायकलीत टायर आणि चिमट्याचं डोकं यांच्यामध्ये दोन बोटं सहज जातात. गारा येतो, नाही असं नाही, पण पडूनही जातो. आमच्या गावचा सायकलवाला गिऱ्हाइकाला हेच सांगतो: ‘‘भाऊ, शॉकप मंग पाहा. पह्यले चाकाच्या वर बोट जाते का थे पाहा.’’

प्रामाणिकपणे सांगायचं तर मागचं चाक दोन्हींत अडकतं, पॅडलच्या मागे जिथं फ्रेमच्या नळ्या जवळ येतात तिथं. पण पुढचं मोकळं असलं तर मागचं उचलून सायकल एका चाकावर ढकलत नेता येते. दोन्ही अडकली की खांदा. आणि हल्ली गावोगावी पोरं जाड टायरच्या फॅट बाइक मागतात, त्यांच्याबद्दल एवढंच म्हणतो की चार इंची टायर चार इंची गारा उचलतो.

ब्रेकबाबत फार बोलण्यासारखं नाही. डिस्कच घ्या. रिमला दाबणारे व्ही-ब्रेक स्वस्त आणि सोपे आहेत, पण त्यांचे दोन्ही हात टायरच्या दोन बाजूंना, म्हणजे गारा अडकायला आणखी एक जागा. वर चिखल रिमवर घासला जातो. चाक थोडं आउट असलं तरी डिस्कला फरक पडत नाही, हाही फायदा. डिस्कची पॅड तालुक्यालाही लगेच मिळतील असं नाही, एक जोडी घरात असू द्या. आणि कॅरिअर लावायचं असेल तर आधी बघा, मागच्या डिस्कचा कॅलिपर (चकती दाबून धरणारा भाग) कॅरिअरच्या पायाला आडवा येतो. माझ्याकडे लांब बोल्ट आणि वॉशर घालून जमवलं आहे. शॉकअपच्या एमटीबीत कॅरिअरची भोकंच नसलेले मॉडेल बरेच दिसतात. डबा, रेनकोट, कागद पाठीवर वाहायचे की मागे बांधायचे, हे रोज जाणाऱ्यानं दुकानातच ठरवलेलं बरं.

काट्यांच्या बाबतीत दोघी सारख्याच. सराटा आणि बाभूळ कुणाला सोडत नाहीत. ट्यूबचा हवा भरायचा वॉल मोटरसायकलसारखा जाड असेल तर कुठल्याही पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर हवा भरता येते, आणि त्यातून ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, तेही ओतता येतं. फक्त कॉम्प्रेसरवाल्याला थोडी थोडी भरायला सांगा, सायकलची ट्यूब क्षणात भरते आणि फुटतेही. बारीक वॉलच्या ट्यूबला आपल्याकडे कुणी हात लावत नाही. ट्यूब मात्र एक जास्तीची ठेवाच, साडेसत्तावीसची गावात मिळत नाही. सव्वीसची तालुक्याला मिळते, आणि केवळ त्यासाठी कुणी सव्वीसचं चाक घेत असेल तर मी त्याला वेडा म्हणणार नाही.

शॉकअपची कुणी घ्यावी? ज्याचं गाव मुरमाड जमिनीवर आहे, ज्याचा रस्ता खडकाळ पण निचऱ्याचा आहे, किंवा ज्याच्या मनगटाचं जुनं दुखणं आहे. चिखलदऱ्याच्या बाजूचा उताराचा माणूसही माझं ऐकून साधा चिमटा घेईल असं वाटत नाही, आणि घेऊही नये कदाचित. पण तो शॉकअप घेताना कमानीखाली बोट घालून बघायला काय हरकत आहे? बजेट वीस-बावीस हजारांपर्यंत ताणता येत असेल तर गणित थोडं बदलतं, तिथं शॉकअप वरच्या बटणानं बंद करता येणारे मिळू लागतात. डांबरावर ते बटण उपयोगी आहे. गाऱ्यात ते काही करू शकत नाही.

भाव विचारताना एक लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा बिलावर तो आकडा बघा. वाचतील त्यात पंप, कुलूप आणि मागचा दिवा बसतो. मडगार्ड पूर्ण लांबीचा घेऊ नका, तोही गाऱ्याचं घरच. मागे सीटखाली उंच लावायचा क्लिपचा पुरे.

सायकल खोक्यातून येणार असेल तर जोडणी समोर उभं राहून करून घ्या. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते जबरदस्तीनं बसवलं तर क्रँक, म्हणजे पॅडल ज्यात बसतं तो दांडा, कायमचा जातो. साधा चिमटा उलटा बसवलेलाही मी पाहिला आहे. डिस्कचा कॅलिपर चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला आला नाही तर पैसे द्यायच्या आधी थांबा.