किडनी काढायच्या आधी कोणती टेस्ट: क्रिएटिनिन, स्कॅन की ती नवीन महागडी?

आईची उजवी किडनी गाठीमुळे काढायची ठरली तेव्हा आम्हा भावंडांना एकच धास्ती, उरलेली किडनी ऑपरेशननंतर नीट चालेल ना, आणि ते आधी कळायला काय करायचं यावर घरात रोज नवीन मत. तुमच्याकडे हाच घोळ चालू असेल तर आम्ही काय काय पाहिलं ते सांगते.

क्रिएटिनिन म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा रक्तात किती साठलाय त्याची टेस्ट, कणकवलीत कुठल्याही लॅबमधे होते, स्वस्त आहे, पण नुसता आकडा बघून निर्धास्त होऊ नका. आईचं आलं १.१, रिपोर्टवर कसलीच खूण नाही, आई म्हणते "माका काय झाला नाय, कित्याक उगाच फेरे". पण वय ७२, बाईमाणूस, त्यावरून ईजीएफआर, म्हणजे दोन्ही किडन्या मिळून किती गाळतात याचा अंदाज, काढला तर जेमतेम ५३. हेच १.१ तिशीतल्या पोराचं असतं तर नव्वदच्या वर गेला असता. आणि ६० च्या खाली तीन महिने राहिला की तो किडनीचा जुनाट आजारच धरतात, म्हणजे एक किडनी काढायच्या आधीच आईकडे शिल्लक कमी होती. सोबत लघवीतली एसीआर, म्हणजे अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन किती जातंय ती टेस्ट, नक्की करा, ३० च्या वर असेल तर प्रोटीन गळतंय आणि धोका वाढतो, शुगर-बीपीवाल्यांनी तर अजिबात टाळू नये. मला विचाराल तर सगळ्यात जास्त माहिती देणारी आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी टेस्ट हीच.

एक गोष्ट मात्र सांभाळा, हे रिपोर्ट माणूस बरा असताना काढा. आपल्याकडे लावणीच्या दिवसात ताप येतो, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असेल तर किडनीवरच जातं, तेव्हाचं क्रिएटिनिन धरून पुढचा हिशोब करायचा तर सगळंच चुकतं. आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक, ती दुखण्याची गोळी किडनीला बाधते, घेत असतील तर डॉक्टरला आधी सांगा, आमच्या आईने ते लपवलं होतं.

दुसरं म्हणजे डीटीपीए स्कॅन. त्यासाठी आम्हाला फोंडा घाट चढून कोल्हापूरला जावं लागलं, आईला गाडी लागते, हाल झाले, तरी मी म्हणेन गेलो ते बरं केलं. शिरेतून इंजेक्शन देतात, कॅमेऱ्याखाली अर्धा तास झोपवतात, आणि डावी किती काम करते, उजवी किती, हे वेगवेगळं कळतं. क्रिएटिनिन दोघींची बेरीज सांगतं, वाटणी सांगत नाही. आता हिशोब बघा, ५३ मधलं निम्मं काम जाणारी किडनी करत असेल तर लगेच हातात २६-२७ उरतात, पण ती २८ टक्केच करत असेल तर ३८, आणि उरलेली नंतर थोडं जास्तीचं काम अंगावर घेते. आईचं २८ निघालं, त्या रात्री आम्ही घरी आल्यावर नीट जेवलो. चाळिशीतला माणूस, ईजीएफआर १०० च्या घरात, लघवी स्वच्छ, सीटीवर दोन्ही किडन्या सारख्या, तर मी या स्कॅनसाठी एवढा आग्रह धरणार नाही. पण पूर्ण काढायची की फक्त गाठ काढायची असा प्रश्न असेल तर स्कॅन उपयोगी पडतो. युरोपातल्या एका मोठ्या ट्रायलमधे पूर्ण काढलेल्यांपैकी जवळपास ८६ टक्के लोकांचा ईजीएफआर ६० च्या खाली गेला, फक्त गाठ काढलेल्यांपैकी ६५ टक्के, आयुष्य मात्र फक्त गाठ काढल्याने वाढलं असं दिसलं नाही.

तिसरी ती नवीन महागडी, एनजीएएल, किडनीला इजा झाली की वाढणाऱ्या एका प्रोटीनची टेस्ट. मुंबईच्या भाच्याने आग्रह धरला होता. क्रिएटिनिन चढायला दिवस-दोन दिवस लागतात, ही काही तासांत सांगते, खरंय, पण ते इजा झाल्यावर. ऑपरेशनआधी धोका ओळखायला तिच्यावर पैसे घालू नका, इन्फेक्शन असलं तरी ती वाढते.

ऑपरेशननंतर ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं की किडनीला इजा धरतात, पण अख्खी किडनी गेल्यावर ते थोडं वाढणारच, म्हणून एका आकड्यावर घाबरू नका, पुढे चढतंय की थांबलंय ते बघा आणि लघवी बघा. किलोमागे तासाला अर्धा मिली, आई ५२ किलोची म्हणजे २६ मिली, सलग सहा तास त्याच्या खाली गेलं तर सिस्टरला उठवायचं हे आम्ही वहीत लिहूनच ठेवलेलं. तिसऱ्या महिन्यात ईजीएफआर ४४ आला, आणि गुडघ्याला आता ती फक्त डॉक्टरांनी सांगितलेलं मलम लावते.